पिवळा ठिपका

टिक्.

एवढाच आवाज आला आणि पुढे काही नाही. तात्यांनी किल्ली मागे घेतली आणि पुन्हा फिरवली. पुन्हा टिक्.

गाडी आमच्या कारखान्याच्या एम. डी. साहेबांची होती, पण त्या दिवशी मागच्या सीटवर मुंबईहून आलेले पाहुणे बसले होते. त्यांच्या हस्ते हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडली होती, नारळ फुटला होता, चार भाषणं झाली होती आणि आता त्यांना विश्रामगृहावर जेवायला न्यायचं होतं. चेअरमन दाराशी हात जोडून उभे होते. त्यांच्या मागे सगळं संचालक मंडळ निरोपाचे हात वर करून उभं होतं. आणि गाडी जागची हलेना. वर केलेले हात आता खाली घ्यायचे की तसेच ठेवायचे, हे कोणालाच कळेना.

मी मंडपामागे जनरेटरपाशी होतो. धावत आलो आणि बॉनेट उघडायच्या आधीच म्हणालो, "बॅटरी बसली."

तात्या खिडकीतून खालच्या आवाजात म्हणाले, "बॅटरी न्हाई रं. दिवे बघ की, सेल्फ मारताना बी मंद होईनात. आर्थिंग बघ एकदा."

"तात्या, तुम्ही स्टेअरिंग बघा. वायरिंगचं माझ्यावर सोडा."

तात्यांनी मान आत घेतली. मी बॅटरीच्या वायरी हलवल्या, टर्मिनलवर पान्याने दोन टोले दिले, आणि पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. शेवटी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातल्या संचालकांनीच गाडीला धक्का मारला. एकाची टोपी पडली, ती मागच्या चाकाखाली गेली. गाडी धुरळा काढत चालू झाली आणि पाहुणे जेवायला गेले, पण संध्याकाळपर्यंत आसपासच्या वीस गावांत एकच गोष्ट चालू होती. साखर कारखाना सुरू झाला, पण मोटार काही होत नव्हती.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, कारखान्याच्या गॅरेजमध्ये वायरमन. तोही हंगामी. दसऱ्याआधी गाड्या तयार करायला बोलवायचे, मग ऊस असेपर्यंत हजेरी, आणि हंगाम संपला, म्हणजे पट्टा पडला, की घरी. तीन हंगाम असे गेले होते आणि या चौथ्या हंगामात कायम करायच्या लोकांच्या यादीत माझं नाव आहे, असं गॅरेजचे इन्चार्ज देशमाने साहेब स्वतः म्हणाले होते. त्यामुळे मी जरा हवेत होतो. जरा म्हणजे चांगलाच.

हवेत असायला माझ्याकडे कारणही होतं. मिरजेला ज्या इब्राहिम मिस्त्रींकडे मी काम शिकलो, त्यांनी एक सवय लावली होती. जो बोल्ट आपण आवळला, त्याच्यावर रंगाचा एक ठिपका ठेवायचा. मी पिवळा रंग धरला होता. औषधाच्या मलमाच्या छोट्या डबीत तो असायचा आणि आगकाडीच्या टोकाने मी ठिपका द्यायचो. कारखान्याच्या कुठल्याही जीपचं, टँकरचं बॉनेट उघडा, पिवळे ठिपके मोजून घ्या. ते सगळे भूपाल चौगुलेचे. मिस्त्री म्हणायचे, ठिपका म्हणजे तुझी जबान. मी त्याचा माझ्या सोयीने अर्थ लावला होता. जिथे माझा ठिपका, तिथे पुन्हा बघायचं कारण नाही.

आणि तात्या, म्हणजे तातोबा खराडे. एम. डी. साहेबांच्या गाडीवर बावीस वर्षं. या काळात सात एम. डी. बदलले, तीन गाड्या बदलल्या, तात्या तेच. गाडीला ओरखडा नाही. किल्ली त्यांनी जुन्या कोल्हापुरी चपलेच्या चामड्याच्या पट्टीला बांधली होती आणि ती पट्टी सदऱ्याच्या आतल्या खिशात असायची. त्यांना निवृत्त व्हायला सात महिने उरले होते. शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्या गावाची जन्मतारीख एक जून टाकली होती, तीच तात्यांचीही. म्हणजे एकतीस मेला शेवटचा दिवस.

त्या शेवटच्या दिवसाची आमच्या कारखान्यावर एक पद्धत होती. गाडीवरचा ड्रायव्हर निवृत्त झाला, की त्या दिवशी ती गाडी त्याची. बायकोला मागच्या सीटवर बसवायचं आणि स्वतः चालवत घरी जायचं. बाकीच्यांना शाल-नारळ आणि पायी वाट. तात्यांच्या हौसाकाकी बावीस वर्षांत एकदाही त्या गाडीत बसल्या नव्हत्या. एकदा काकींना ताप होता तरी तात्यांनी त्यांना सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं आणि गाडी साहेबांच्या दारात उभी ठेवली. "कारखान्याची गाडी हाय, घरची न्हाई," एवढंच म्हणायचे. पण काकींना त्यांनी शब्द दिला होता, की शेवटच्या दिवशी तू मागं बसशील आणि मी चालवीन. काकींनी त्या दिवसासाठी एक इरकली लुगडं ट्रंकेत घडी घालून ठेवलं होतं. हे मला माहीत होतं, कारण मी कॉलनीत त्यांच्या शेजारच्या खोलीत एकटाच राहायचो आणि रात्रीची भाकरी बहुतेक वेळा काकींच्याच चुलीवरची असायची.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी देशमाने साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. चेअरमन रात्री झोपले नव्हते आणि त्यांनी साहेबांनाही झोपू दिलं नव्हतं, हे साहेबांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. वर लिहिलं होतं, 'कायम करावयाच्या कर्मचाऱ्यांची यादी'. माझी नजर उलट्या बाजूने वाचत पाचव्या नावावर गेली. तिथे मी होतो.

"भूपाल, काय झालं होतं गाडीला?"

"बॅटरी उतरली होती साहेब. आज मोजली. पाऊणच भरली आहे."

"का उतरली?"

कारण मला तयार सापडलं होतं. एम. डी. साहेब बैठकीत असले की तात्या गाडीत बसून आतला दिवा लावून पेपर वाचायचे, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. मी ते सांगितलं. दिवा चालू राहिला असणार, असं म्हणालो.

देशमाने साहेबांनी तात्यांकडे बघितलं. "तातोबा, राहिला होता का दिवा?"

तात्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या त्या कागदाकडे बघितलं. ते बघणं मला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिलं, पण तेव्हा मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

"राहिला आसंल साहेब," तात्या म्हणाले. "वय झालं. ध्यान राहत न्हाई."

"पण तुम्ही कालच काहीतरी आर्थिंगबिर्थिंग म्हणत होता, असं कोणीतरी सांगितलं."

"मला काय त्यातलं कळतंय? मी आपला ड्रायव्हर. भूपालनं बघितलंय म्हंजे बरूबर आसंल."

मी रिपोर्ट लिहिला. 'ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळे बॅटरी उतरली.' अक्षर माझं चांगलं होतं. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले की चेअरमनांचा निरोप आहे, तातोबांना उद्यापासून गेटवर बसवा. तात्यांनी आतल्या खिशातून पट्टी काढली. चामड्याची गाठ इतक्या वर्षांत पक्की झाली होती, ती सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. किल्ली टेबलावर ठेवली आणि रिकामी पट्टी पुन्हा खिशात घातली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "तात्या, माझा नाइलाज होता."

"आसू दे," ते म्हणाले. "तुझं काम तू केलंस."

एक सांगायला हवं. दिवाळीच्या आधीही तात्या दोनदा माझ्याकडे आले होते. गाडी सकाळी पहिल्या किल्लीला टिक् करते आणि थांबते, दोन-तीनदा मारल्यावर उचलते, म्हणाले होते. इंजिनला येणारी आर्थिंगची पट्टी बघ, म्हणाले होते. मी बॉनेट उघडून त्यांना दाखवलं होतं. "तात्या, हा ठिपका दिसतो का? ही पट्टी दसऱ्याला मी स्वतः बसवली. इथे काही नसतं." ते हसले होते आणि बॉनेट लावलं होतं. आमच्याकडे नियम होता, ड्रायव्हरने पाना धरायचा नाही. त्यांनी बावीस वर्षांत एकही नियम मोडला नव्हता.

तात्या गेटवर बसले. स्टुलावर, गळ्यात शिट्टी, हातात उसाच्या गाड्यांची टोकनं. गाडी नव्या ड्रायव्हरकडे, सर्जेरावकडे गेली. मी तिला नवीकोरी बॅटरी घातली आणि माझ्या दृष्टीने विषय संपला.

अकराव्या दिवशी सकाळी सर्जेराव गॅरेजात पळत आला. "भूपाल, टिक् करतीय."

"आतला दिवा लावला होतास का?"

"मला वाचता येत न्हाई, मी कशाला दिवा लावू?"

आता मात्र माझी चलबिचल झाली. बॅटरी नवी, भरलेली. मी स्टार्टर खाली काढला आणि फळीवर बॅटरीला लावून बघितला. भिंगरीसारखा फिरला. पुन्हा बसवला. टिक्. किल्लीचा स्विच बदलला. टिक्. दुपार झाली, डबा तसाच राहिला. सर्जेराव विड्या ओढत बसला होता आणि मला वाटत होतं, हा माणूस हसतो आहे. हसत नव्हता, पण मला तसं वाटत होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी गत झाली होती.

शेवटी इब्राहिम मिस्त्रींनी शिकवलेली अगदी पहिली गोष्ट आठवली. दोन वायरी लावलेला बल्ब घ्यायचा, एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला. दोन्हीकडे एकच वजा, म्हणून बल्ब लागता कामा नये. लागला, तर समजायचं, मधली वाट तुटलेली आहे.

"सर्जेराव, मार सेल्फ."

टिक्. आणि माझ्या हातातला बल्ब लख्ख पेटला.

जिथे लागू नये तिथे लागला होता. इंजिन आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये एकच पट्टी असते, आर्थिंगची. दिवे बॉडीवरून चालतात, म्हणून ते मंद होत नव्हते. टिक् करण्यापुरता करंट बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जात होता, पण इंजिन फिरवण्याएवढा जात नव्हता. मी गाडीखाली शिरलो. पट्टीच्या बोल्टवर माझा पिवळा ठिपका होता, गोल, सुबक. ठिपक्याकडे बघत मी पाना लावला आणि बोल्ट काढला. खाली काळा ऑईलपेंट होता. जाड, चकचकीत, अखंड.

मग सगळं आठवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रं-अवजारं पुजायची म्हणून आम्ही सगळ्या गाड्या धुऊन रंगवल्या होत्या. एम. डी. साहेबांची गाडी आतूनसुद्धा चकचकीत दिसावी, म्हणून पट्टी काढून खालचं सगळं मीच रंगवलं. रंग ओला असतानाच पट्टी बसवली, बोल्ट आवळला, वरून ठिपका दिला आणि हार घातला. रंगातून वीज जात नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगावं लागत नाही. मला ठिपका दिसत होता, त्याखालचं दिसत नव्हतं.

पॉलिश पेपरने जागा घासून लोखंड उघडं केलं, पट्टी बसवली. सर्जेरावने किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात उचललं.

"काय हुतं रं?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "वायर ढिली होती."

संध्याकाळी मी गेटवर गेलो. उसाच्या बैलगाड्यांची रांग लांबवर लागली होती. तात्या टोकनं देत होते. मी त्यांच्या स्टुलाशेजारी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि मधून मधून गाड्यांना शिट्टी मारत होते.

"मला ठावं हाय," ते शेवटी म्हणाले.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आदीपास्नं. रोज सकाळी गाडी मीच धुतो न्हवं? पट्टीखाली काळा रंग, आन् वर तुझा ठिपका. आंधळ्याला बी दिसलं आसतं."

"मग साहेबांपुढे का नाही बोललात?"

तात्यांनी एका गाडीवानाला टोकन दिलं. "साहेब यादी घिऊन बसलं हुतं, फुडं पेन हुता. मी तोंड उघडलं आसतं तर तुझं नाव गेलं आसतं. मला किती दिवस ऱ्हायलेत? सात म्हयनं. तुला तीस वर्सं काढायचीत हितं."

मी विचारलं, "आणि काकींची चक्कर?"

तात्यांनी हातातली टोकनं सारखी केली. मग म्हणाले, "ती यस्टीत बसती की. सवय हाय तिला." आणि लगेच आवाज चढवला. "हे बघ भूपाल, यादी अजून वर गेली न्हाई. शनवारी जाणार हाय. तवर तोंड गप ठेवायचं. मी केलेलं पाण्यात घालू नगंस."

मी तोंड गप्प ठेवलं. खरं सांगतो, फारसं जड गेलं नाही. गाडी चालू होती, रिपोर्ट फायलीत होता, तात्या स्वतःच म्हणत होते. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी संध्याकाळी काकी मला म्हणाल्या, "भूपाल, तेवढी ट्रंक खाली घे रं. माझा हात पोचत न्हाई."

मी ट्रंक खाली घेतली. काकींनी इरकली लुगडं काढलं, झटकलं, दोरीवर टाकलं. हिरवं, लाल काठाचं. "कसर लागतीय," त्या म्हणाल्या. मग काठावरून हात फिरवत, अगदी सहज, पीठ आहे का विचारावं तसं त्यांनी विचारलं, "व्हय रं, गेटवरनं रिटायर झालेल्याला बी गाडी देत्यात का?"

मला खोटं बोलता आलं असतं. बघू, म्हणता आलं असतं. पण मी ट्रंकेचं झाकण पुसत राहिलो आणि काकींना उत्तर कळलं. त्यांनी लुगडं दोरीवरून काढलं, पुन्हा घडी घातली आणि म्हणाल्या, "ठिव वर."

त्या रात्री त्यांनी नेहमीसारखीच भाकरी वाढली. मी ती फडक्यात बांधून खोलीवर आणली, सकाळी ती तशीच होती.

शुक्रवारी सकाळी मी देशमाने साहेबांसमोर उभा राहिलो. सगळं सांगितलं. रंग, पट्टी, ठिपका, बल्ब, तात्यांचं गप्प बसणं. साहेबांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"हे तू दोन दिवस थांबून रविवारी सांगितलं असतंस, तर यादी वर गेलेली असती," ते म्हणाले.

"हो साहेब."

"तुला हे कळत होतं."

"हो साहेब."

त्यांनी ड्रॉवरमधून यादी काढली. पेनचं टोपण काढलं आणि पाचव्या नावावर सरळ रेघ ओढली. पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ. मग म्हणाले, "तुला माहीत आहे, तुझं नाव मी का घातलं होतं? या गॅरेजात चाळीस माणसं काम करतात. आपल्या कामावर सही ठेवणारा तू एकटा."

मी बाहेर आलो, खिशातली मलमाची डबी काढली आणि भंगाराच्या ढिगावर भिरकावून दिली.

सोमवारी तात्यांना किल्ली परत मिळाली. चेअरमन स्वतः गेटवर गेले आणि चारचौघांत म्हणाले, "तातोबा, चूक आमची झाली." तात्यांनी किल्ली घेतली, तिथेच चामड्याच्या पट्टीला बांधली आणि माझ्याकडे न बघता गाडीकडे निघून गेले.

माझ्याशी ते बोलेनात. एक महिना झाला, दीड झाला. संक्रांतीला मी मुद्दाम गेलो. "तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणालो. त्यांनी तिळगूळ घेतला, खाल्ला, आणि बोलले नाहीत. काकी आत हसत होत्या. "लई राग हाय त्येंचा तुझ्यावर," त्या मला म्हणाल्या. "म्हणत्यात, पोरानं हातातली नोकरी घालवली."

ठिपके देणंही मी बंद केलं होतं. बोल्ट आवळायचो, पुढे जायचो. काम तेच होतं, पण त्यात माझं काही राहिलं नव्हतं. पट्टा पडल्यावर हंगामी लोक घरी गेले. मीही गेलो. पण एकतीस मेला सकाळच्या एसटीने परत आलो.

ऊन रणरणत होतं. गॅरेजच्या शेडमध्ये शाल, नारळ, दोन शब्द झाले. एम. डी. साहेबांनी तात्यांच्या हातात गाडीची किल्ली दिली. किल्ली तशी त्यांच्याच खिशात होती. सकाळी समारंभासाठी काढून दिली होती, एवढंच. गाडी धुतलेली होती, बॉनेटवर झेंडूचा हार होता. हौसाकाकी कॉलनीतून चालत आल्या. अंगावर हिरवं इरकली, पदर डोक्यावर. त्या गाडीपाशी आल्या आणि पुढच्या दाराकडे वळल्या.

"मागं," तात्या म्हणाले.

"मागं साहेब बसत्यात."

तात्यांनी मागचं दार उघडलं. एम. डी. साहेबांसाठी उघडायचे अगदी तसंच. टोपी काढून काखेत धरली आणि जरा वाकून उभे राहिले. काकी आत बसल्या, सीटच्या अगदी कडेला, पांढऱ्या कव्हरला चुणी पडू नये म्हणून.

मग तात्यांनी गर्दीत मला शोधलं. "ए भूपाल," ते म्हणाले. सहा महिन्यांतलं ते पहिलं वाक्य. "तू फुडं बस. टिक् वाजलं तर आज मी खाली उतरणार न्हाई."

मी पुढे बसलो. तात्यांनी किल्ली फिरवली. त्या अर्ध्या क्षणात माझ्या जिवाचं काय झालं, ते माझं मला ठाऊक. इंजिन पहिल्या फटक्यात उचललं.

कारखान्याला एक फेरी मारून आम्ही त्यांच्या गावाच्या रस्त्याला लागलो. गाव चार किलोमीटरवर, कॉलनीतली खोली सोडून आता दोघं तिथल्या घरी राहणार होती. दोन्हीकडे तोडलेल्या उसाची रिकामी रानं होती. काकी खिडकीला हात लावून बाहेर बघत होत्या. अर्धा रस्ता झाल्यावर त्या म्हणाल्या, "जरा सावकाश घ्या की."

"का? भ्या वाटतंय?"

"न्हाई. लवकर सपंल."

तात्यांनी गाडी सावकाश घेतली. एवढी सावकाश, की एक सायकलवाला घंटी वाजवत आमच्या पुढे गेला. कडेने मला तात्यांचे डोळे दिसत होते. मी बाहेर बघायला लागलो.

घरापुढे गाडी थांबली. तात्यांनी उतरून काकींना दार उघडून दिलं. मग गाठ सोडून किल्ली माझ्या हातात दिली. गाडी कारखान्यावर परत न्यायची होती. सीटखाली हात घालून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. माझी मलमाची डबी होती. झाकण घट्ट लावलेलं, आत पिवळा रंग तसाच ओला.

"भंगारात पडली हुती. तवाच उचलली."

"तात्या, हिच्यापायीच तर सगळं झालं."

"हिनं काय केलं? ठिपका हुता म्हणून कुणाची चूक हे कळलं तरी. न्हाई तर जलमभर माझ्या नावावर ऱ्हायली आसती." ते खाली बसले आणि गाडीकडे बोट केलं. "बघ पट्टी. आन् मग दे."

मी गाडीखाली शिरलो. पाना लावून बघितला, बोल्ट पक्का होता. पट्टीच्या कडेने बोट फिरवून बघितलं, लोखंड उघडं होतं. पुन्हा एकदा पाना लावला. मग आगकाडीच्या टोकाने पिवळा ठिपका दिला. काडी घसरली आणि ठिपका जरा पसरला. मी पुसायला गेलो तर तात्या वरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसाच."

पुढे दोन हंगामांनी मी कायम झालो, तीस नाही तरी सत्तावीस वर्षं काढली, आणि आज माझ्या स्वतःच्या गॅरेजात पिवळा ठिपका देण्याआधी बोल्टवर पाना दोनदा लावतो. गिऱ्हाईकं कंटाळतात. त्यांना कारण सांगत बसत नाही.

त्या दिवशी मी किल्ली फिरवली, गाडी चालू झाली. निघताना आरशात ती दोघं दिसत होती. तात्यांनी रिकामी चामड्याची पट्टी बोटाला गुंडाळली होती. हौसाकाकींनी निरोपाचा हात वर केला होता, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.